कोकणातील जुने घर विकत घेण्यापूर्वी त्याची पाहणी कोणाकडून आणि कशी करून घ्यावी?

पोफळी

नमस्कार. राजापूर तालुक्यातील एका गावात आम्ही उभयतांनी एक जुने घर पाहिले आहे आणि ते मनापासून आवडले आहे. घर सुमारे सत्तर वर्षांपूर्वीचे, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींचे आणि मंगळुरी कौलांचे आहे. पुढे पडवी आणि ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून 1990 च्या सुमारास बांधलेले स्लॅबचे न्हाणीघर व संडास अशी रचना आहे. परसात विहीर आहे आणि घराच्या मागे लगेच डोंगराचा चढ सुरू होतो. मालक मुंबईत असतात. गेली नऊ वर्षे घर बंद असून वर्षातून एकदा, गणपतीत, चार दिवस उघडले जाते.

सातबारा, फेरफार, सहहिस्सेदारांच्या संमती आणि मोजणीची क प्रत हे सारे आमचे वकील पाहत आहेत, त्यामुळे त्याविषयी येथे विचारत नाही. माझा प्रश्न घराच्या प्रकृतीचा आहे. कर्जासाठी बँकेने मूल्यांकनकार पाठवले होते. ते वीस मिनिटांत फोटो काढून आणि टेप लावून निघून गेले, आणि अहवालात ‘बांधकामाची स्थिती : चांगली’ एवढीच नोंद आली. मध्यस्थांचे म्हणणे असे की घर भक्कम आहे, दुसरेही गिऱ्हाईक लागलेले आहे, तेव्हा पाऊस सुरू होण्यापूर्वी विसार देऊन मोकळे व्हावे. आज 11 मे आहे. आमच्या आयुष्यभराच्या बचतीतील मोठा हिस्सा यात जाणार आहे. अशा घराची नीट तपासणी कोण करते, त्यांना काय पाहायला सांगावे आणि आम्हाला स्वतःला काय पाहता येईल, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

ओळंबा

पोफळीताई, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून चौतीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. तुमचा प्रश्न विसार देण्याआधी आला, याचे समाधान वाटते, कारण माझ्याकडे बहुतेक लोक खरेदीखत झाल्यानंतर येत असत.

बँकेच्या मूल्यांकनकाराला दोष देऊ नका. कर्ज बुडाले तर ही मालमत्ता विकून किती रक्कम हाती येईल, एवढाच प्रश्न त्याला विचारलेला असतो. वासे कुजले आहेत का, हे पाहायला त्याला कोणी सांगितलेले नसते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतींची दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींची दर 3 वर्षांनी संरचनात्मक तपासणी करण्याची तरतूद आहे. गावातल्या सत्तर वर्षांच्या घराला मात्र असे कोणीच विचारत नाही. ते काम खरेदीदाराने स्वतःच्या खर्चाने करून घ्यावे लागते. त्यासाठी चिऱ्याच्या आणि लाकडी छपराच्या घरांवर प्रत्यक्ष काम केलेला इंजिनिअर निवडा, आणि त्याच्या जोडीला एक जुना सुतार न्या. या व्यवहारात दलाली मिळणारा किंवा पुढे दुरुस्तीचे कंत्राट मिळण्याची आशा असणारा माणूस पाहणीला घेऊ नका. अहवाल लेखी आणि फोटोंसह मागा, आणि जे पाहता आले नाही तेही त्यात लिहायला सांगा.

आता वेळेविषयी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात प्रत्येक घर कोरडे आणि भक्कम दिसते. जुलैमध्ये दोन दिवस संततधार लागली असताना त्याच घरात उभे राहा, म्हणजे घर स्वतः बोलू लागते. मध्यस्थ पावसापूर्वी घाई करत आहेत, हेच मला तुम्ही थांबावे याचे सर्वांत मोठे कारण वाटते. गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्या. थांबणे अगदीच अशक्य असेल तर मेमध्ये एक आणि जुलैमध्ये एक अशा दोन पाहण्या करा, आणि दुसरी पाहणी समाधानकारक झाल्यावरच व्यवहार पुढे जाईल अशी अट विसार पावतीत घाला.

पाहणीची सुरुवात भिंतीजवळून करू नये. शंभर फूट दूर उभे राहून आढ्याची, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या तुळईची, रेघ पाहावी. ती मध्ये झुकलेली दिसली तर खाली कोठेतरी आधार खचलेला असतो. मग कौलांच्या ओळी पाहाव्यात. ओळ नागमोडी झाली असेल तर रिपा (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) वाकल्या आहेत किंवा वासे बसले आहेत. त्यानंतर घराभोवती एक पूर्ण फेरी मारून पागोळ्या कोठे पडतात ते पाहा. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर वाहून जात असेल तर उत्तम. ते जोत्याच्या पायथ्याशीच मुरत असेल तर सत्तर पावसाळ्यांत पायाखालची माती किती मऊ झाली असेल, याचा अंदाज बांधता येतो.

चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागून घट्ट होत जातो, पण तो सच्छिद्र राहतो आणि पाणी शोषतो. जुन्या गवंड्यांनी तो मातीत किंवा चुन्यात बसवला, त्यामुळे शोषलेली ओल हळूहळू बाहेर पडत असे. अलीकडे ‘घर चांगले दिसावे’ म्हणून अशा भिंतींना सिमेंटचा गिलावा करतात. मग ओल आत कोंडते, वर वर चढते आणि गिलाव्याला पोपडे धरतात. भिंतीच्या तळाशी पांढरा लोणा फुटला आहे का, गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, हे तुम्हालाही तपासता येईल. नुकताच रंग दिलेला असेल आणि तोही फक्त खालच्या तीन फुटांना, तर तेथे अधिक वेळ थांबा.

सगळ्या भेगा सारख्या नसतात. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक भेगांनी घाबरू नये. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्या-पायऱ्यांनी चिऱ्यांच्या सांध्यांतून उतरत जाणारी भेग मात्र पाया असमान खचल्याची खूण असते. जुने घर आणि 1990 चे न्हाणीघर जेथे भेटतात तेथे उभी भेग असणारच, कारण दोन्हींचे पाये वेगळे आहेत. ती वाढते आहे की थांबली आहे, एवढेच ठरवायचे असते. तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवावी आणि शेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे.

न्हाणीघराच्या स्लॅबची मला अधिक काळजी वाटते. त्या काळात अनेक ठिकाणी खाडीची खारी वाळू न धुता वापरली गेली. मिठामुळे आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि खालच्या बाजूचे काँक्रीट ढलप्यांनी सुटते. छताच्या आतल्या बाजूला तांबूस डाग किंवा सळईच्या रेषेत गेलेली भेग दिसली, तर तो स्लॅब पाडून नवा करण्याचा खर्च मनात धरूनच किंमत ठरवा.

माजघर

ओळंबा यांनी लिहिलेला शब्द न् शब्द मी भोगलेला आहे, म्हणून माझा अनुभव सांगते. आम्ही 2019 च्या दिवाळीनंतर दापोली तालुक्यात घर घेतले. कोणाकडूनही तपासून घेतले नाही, कारण विकणारे गृहस्थ अतिशय सज्जन होते आणि घराला नवा रंग दिलेला होता. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि आमच्या पश्चिमेकडच्या पाख्याची (छपराच्या उतरत्या बाजूची) कौले उडाली. गावात सगळ्यांचीच उडाली होती, त्यामुळे पहिले दोन दिवस आम्हीही ते वादळाचेच नुकसान समजलो. टाळेबंदीमुळे आम्ही तेथेच अडकलो होतो. तिसऱ्या दिवशी सुतार वर चढले, त्यांनी भिंतीच्या माथ्यावरच्या भालीला (वासे टेकतात त्या आडव्या लाकडाला) हात लावला, आणि ती भाल त्यांच्या मुठीत चुरली. वरून रंगवलेले, अखंड दिसणारे लाकूड आतून पुठ्ठ्यासारखे झाले होते. वाळवी भिंतीच्या पोटातून, चिऱ्यांच्या सांध्यांतील मातीतून वर चढली होती. बाहेरून कोठेही मातीची नळी दिसत नव्हती, कारण दिसत होत्या त्या नळ्या रंग देण्यापूर्वी खरवडून काढलेल्या होत्या. शेजारच्या घराचे वासे तेच वादळ सोसून जागेवर राहिले आणि आमचे नऊ वासे खाली आले, एवढाच फरक होता.

छपराच्या दुरुस्तीला आम्हाला खरेदीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे पैसे लागले. सासूबाईंचे दागिने त्यात गेले, हे लिहिताना आजही हात जड होतो. पोफळीताई, माळ्यावर चढल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. शिडी नसेल तर शेजाऱ्यांकडून मागून घ्या, पण चढा.

वासा_आणि_रीप

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे, म्हणून लाकडापुरते लिहितो. कोकणातल्या जुन्या घरांत छपराला साग सगळीकडे नसतो. आढे आणि तुळया सागाच्या किंवा फणसाच्या, वासे ऐन-किंजळीचे, आणि काही ठिकाणी रिपा पोफळीच्या किंवा माडाच्या, असे मिश्रण असते. तेव्हा एका तुळईवर नखाने खरवडून ‘साग आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नये.

लाकूड मधे क्वचितच कुजते. ते टोकाला कुजते. वासा जेथे भिंतीत शिरतो किंवा भालीवर टेकतो, आणि पागोळीकडे जेथे त्याचे टोक उघडे राहते, त्या दोन जागा पाहाव्यात. हातात बॅटरी आणि जाडसर पेचकस असावा. पेचकस टोचल्यावर लाकडाने अडवले पाहिजे. तो अर्धा इंच सहज आत गेला तर तो वासा बदलायचा आहे असे समजावे. हातोडीच्या दांड्याने ठोकले की निरोगी लाकूड खणखणीत बोलते आणि पोखरलेले बद्द बोलते. हा फरक कानाला पाच मिनिटांत कळू लागतो. जमिनीवर पिवळट पिठाच्या लहान राशी दिसल्या तर भुंगा लागलेला आहे.

माळ्यावर दुपारी दार-खिडक्या लावून काळोख करावा आणि वर पाहावे. जेथून उजेडाचा कवडसा येतो तेथून पाणीही येते. वाश्यांवर काळपट ओघळ असतील तर गळती जुनी आहे. कौलांचा हिशेबही करून ठेवा. दर 100 चौरस फुटांना साधारण दीडशे कौले लागतात, आणि जुन्या मापाची कौले आता सहज जुळत नाहीत. कौल उलटून मागे कारखान्याचा छाप आहे का ते पाहा. मंगळूरचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये काढला आणि नंतर अनेक निघाले. प्रत्येकाच्या खाचांत थोडा फरक असतो, त्यामुळे फुटलेल्या कौलाच्या जागी दुसऱ्या छापाचे कौल बसवले की सांधा उघडा राहतो. नऊ वर्षे बंद असलेल्या घराची दर वर्षी शाकारणी (पावसाआधी कौले उतरवून, नीट करून पुन्हा बसवणे) झाली होती का, हा प्रश्न मालकांपेक्षा शेजाऱ्यांना विचारावा.

माळवद

मी औसा तालुक्यातला आहे आणि आमच्याकडची घरे वेगळी आहेत, तरी हा धागा उद्या मराठवाड्यातला कोणी वाचेल म्हणून लिहितो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसे मेली ती मुख्यतः स्वतःच्या घरांच्या भिंतींखाली. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत आतून आणि बाहेरून दोन वेगळ्या थरांत रचलेली, मध्ये दगडांचा चुरा आणि माती, दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर वर्षानुवर्षे माती टाकून जड झालेले माळवद. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि छत खाली आले. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज त्या पहाटेने आमच्यापुरता कायमचा मोडला. आमच्या भागात जुने घर घेताना भिंत कोठे फुगली आहे का ते ओळंब्याने तपासावे, आरपार दगड आहेत का ते पाहावे आणि माळवदावर मातीचा थर किती इंच आहे ते मोजावे. माझे आजोबा त्या पहाटे अंगणात झोपले होते, म्हणून वाचले.

दस्त

कायद्याची बाजू थोडक्यात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला ठाऊक नसलेला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड करावा लागतो. परंतु सामान्य काळजी घेतली असती तर खरेदीदाराला जो दोष कळला असता, त्याला हे संरक्षण नाही. माळ्यावर चढून दिसणारा कुजका वासा कोणत्या बाजूला मोडेल, हा वाद वर्षानुवर्षे चालू शकतो. नव्या प्रकल्पांत रेरा कायद्याने विकसकावर 5 वर्षांची बांधकामदोषाची जबाबदारी टाकली आहे, पण एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला विकलेल्या जुन्या घराला ती लागू होत नाही. म्हणून पाहणीचा अहवाल साठेखताला जोडावा आणि कोणती दुरुस्ती कोण करणार ते त्यात लिहून घ्यावे.

पोफळी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही विसार दिला नाही. दुसरे गिऱ्हाईक आले नाही. मालकांपैकी थोरल्या बंधूंना मी स्वतः फोन करून सांगितले की आम्हाला घर हवे आहे, पण पावसात पाहायचे आहे. त्यांनी क्षणभर थांबून ‘पाहा, तुमचे बरोबर आहे’ असे म्हटले. 9 जुलै रोजी रत्नागिरीहून एक इंजिनिअर आणि गावातलेच सत्तरीचे एक सुतारकाका यांच्यासोबत आम्ही पाच तास घरात होतो. आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता.

आढे सरळ आहे. माजघरावरचे वासे खणखणीत निघाले. काकांनी एकेका वाशाला पेचकस टोचत आणि मान हलवत सगळा माळा पालथा घातला. पडवीवरचे सहा वासे मात्र टोकाला गेलेले आहेत आणि तेथील भाल दोन हात लांबीत पोखरलेली आहे. माजघराच्या उत्तरेकडच्या भिंतीला अडीच फुटांपर्यंत ओल आहे. इंजिनिअरांनी ओलावा मोजण्याचे यंत्र लावले, पण त्याआधीच मी भिंतीला तळहात टेकवला होता आणि तो थंड, ओला होऊन परत आला होता. कारण बाहेर गेल्यावर समजले. त्या बाजूला पागोळ्यांसाठी पूर्वी दगडी चर होता, तो मातीने भरून गेला आहे आणि सगळे पाणी जोत्याशी तुंबते. स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस डाग आहेत आणि एका कोपऱ्यात सळई उघडी पडली आहे.

सर्वांत अधिक वेळ मागच्या चढाने घेतला, आणि ती गोष्ट मेमध्ये आमच्या लक्षातही आली नव्हती. घरामागे सात-आठ फुटांवर डोंगर उभा कापलेला आहे आणि त्याला गडगा (दगडांची रचलेली भिंत) घालून आधार दिला आहे. गडगा मध्यभागी फुगला आहे. त्याच्या दगडांतून गढूळ पाणी झिरपत होते. इंजिनिअर छत्री घेऊन वर चढले, जमिनीला तडे आहेत का आणि झाडे कललेली आहेत का ते पाहून आले. तडे नाहीत, झाडे सरळ आहेत. तरीही त्यांनी गडगा उतरवून, मागे पाण्याला वाट ठेवून, पुन्हा बांधायला आणि वरून येणारे पाणी चर खणून पऱ्याकडे (ओढ्याकडे) वळवायला सांगितले आहे. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हाची दृश्ये माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत, त्यामुळे या एका मुद्द्यावर मी कोणाचेच ‘काही होत नाही’ ऐकणार नाही.

विहिरीपासून संडासाचा शोषखड्डा पस्तीस फुटांवर आणि वरच्या अंगाला आहे. पाण्याचा नमुना तपासणीसाठी दिला आहे. विहिरीला मेमध्ये किती पाणी राहते, हे शेजारच्या काकूंनी सांगितले : तीन पायऱ्या उघड्या पडतात, पण आटत नाही आणि मचूळही होत नाही.

ओळंबा

ताई, तुम्ही पाठवलेले फोटो पाहिले. पडवीचे वासे, भाल आणि पागोळीचा चर ही नेहमीची दुरुस्ती आहे, त्यासाठी घर नाकारू नये. ओल असलेल्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा काढून ती एक उन्हाळा उघडी वाळू द्यावी आणि मग चुन्याचा गिलावा करावा. आधी चर, मग भिंत. क्रम उलटा केला तर खर्च वाया जाईल. स्लॅब पाडावा लागेल. त्याच वेळी शोषखड्डा विहिरीपासून उताराच्या बाजूला, पन्नास-साठ फुटांपलीकडे हलवा. नमुन्याचा निकाल चांगला आला तरी हलवा, कारण निकाल एका दिवसाचा असतो. गडग्याविषयी तुमच्या इंजिनिअरांचे म्हणणे मला पूर्ण पटते. ते काम पुढच्या पावसाळ्याआधी झालेच पाहिजे, आणि तोवर मागच्या खोलीत पावसाळ्यात कोणी झोपू नये. ज्या उतारावर उभा काप आहे, तेथे भूगर्भाच्या जाणकाराचेही मत घेतले तर मला अधिक बरे वाटेल.

पोफळी

भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक पुढच्या आठवड्यात येण्यास तयार झाले आहेत. थोरल्या बंधूंना अहवालाची प्रत पाठवली. गडगा आणि स्लॅब यांचा खर्च किमतीतून वजा करण्यास ते राजी आहेत, पडवीबद्दल बोलणे चालू आहे. न्हाणीघराच्या सांध्यावरच्या भेगेला सुतारकाकांनी काचेची पट्टी लावून दिली आहे आणि शेजारी कोळशाने तारीख लिहिली आहे. शेजारच्या काकू दर रविवारी तिचा फोटो पाठवतात. काल तिसरा आला. पट्टी अखंड आहे.